कागदावर न उमटणाऱ्या रेघा

मुलीच्या लग्नातली मंगलाष्टकं मीच लिहिणार, हे फार आधी ठरलेलं होतं. आमच्याकडे तशी रीत आहे. गुरुजी त्यांची नेहमीची म्हणतात, मग घरातल्या बायका एकेक करून आपापली रचलेली म्हणतात. मुलीचं नाव, जावयाचं नाव, कुलदैवत, आजोळ, सगळं त्या वृत्तात कोंबायचं असतं. मांडवात कुणी धड ऐकत नाही. सगळ्यांच्या मुठीत अक्षता आणि डोळे पंगतीकडे. तरी लिहायची, आणि वृत्त चुकलं तर वर्षभर जावांची बोलणी खायची.

या वेळी मांडव चंदीगडात होता आणि जावई पंजाबी. त्याचं घर पंचकुल्याला. विहीणबाईंनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, “आप गाओगे, तो हमें मतलब भी तो समझ में आए, बहनजी.” मागणी रास्त होती. मग ठरवलं, डावीकडे मराठी मंगलाष्टक, उजवीकडे त्याचा हिंदी अर्थ, अशी पानं छापून मांडवात वाटायची. माझा जन्म इथल्याच, चंदीगडच्या शाळेत हिंदी आणि संस्कृत शिकवण्यात गेला. दुसऱ्यानं लिहिलेलं मला आवडत नाही आणि दुसऱ्याकडून लिहून घेणं त्याहून आवडत नाही.

मुलगी मोहालीतल्या एका आयटी ऑफिसात आहे. तिनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यावर दोन खणांचं टेबल करून दिलं, म्हणजे मराठी ओळ आणि तिचा अर्थ समोरासमोर राहतील. टेबलाच्या काळ्या चौकटी तिनं काढून टाकल्या होत्या. तरी स्क्रीनवर फिकट, तुटक रेघा राहिल्याच. शिवून झालेल्या ब्लाउजला कच्चा दोरा तसाच लोंबत राहावा, तसं ते मला दिसत होतं. मी तिला ऑफिसात फोन लावला.

“आई, त्या ग्रिडलाइन्स आहेत. वो प्रिंट में नहीं आती, यार. फक्त स्क्रीनवर दिसतात. खण कुठं संपतो ते तुला कळावं म्हणून.”

“खण कुठं संपतो ते मला कळतं. मला त्या नकोत.”

“ठीक है. टेबलावर क्लिक कर. वर लेआउट येईल. तिथं डावीकडे ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ दिसेल, त्यावर क्लिक. लपतील.”

मी क्लिक केलं आणि रेघा गेल्या. पान गोरंगोमटं झालं. मला अगदी मनापासून आनंद झाला आणि त्या आनंदात मी एक आख्खं मंगलाष्टक उतरवून काढलं.

दुसऱ्या दिवशी जेवण करून बसले तर रेघा पुन्हा हजर. यंत्रावर माझा मुळीच विश्वास नाही, म्हणून नवल वाटलं नाही. मी लेआउटमध्ये गेले, क्लिक केलं. रेघा गेल्या तर नाहीतच, वाढल्या. कालच्या त्या उभ्या-आडव्या चार तुटक रेघा परत आल्या, त्यांच्या जागी, शहाण्यासारख्या. पण त्यांच्याखेरीज आणखी रेघा होत्या. बारीक, राखाडी, जवळजवळ. पुन्हा क्लिक केलं. टेबलाच्या रेघा लपल्या आणि त्या दुसऱ्या राहिल्या. मी कितीतरी वेळ तेच बटण दाबत बसले. टेबलाच्या रेघा माझं ऐकत होत्या, जात होत्या, येत होत्या. दुसऱ्या ऐकत नव्हत्या. त्या पानाच्या कडेलाही थांबत नव्हत्या. स्क्रीनच्या काळ्या चौकटीवरून खाली उतरून कीबोर्डवर गेलेल्या होत्या.

मी लॅपटॉप मिटला. रेघा मिटलेल्या झाकणावर होत्या.

माणूस अशा वेळी काय करतं? डोळे चोळतं, चष्मा पुसतं. मीही तेच केलं, चहा करून प्यायला, आणि चहा पिताना कपात न बघता खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर डिसेंबरचं धुकं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. रेघा धुक्यावरही होत्या. उलट तिथं त्या जास्त स्पष्ट होत्या.

तरीही दोष मी माझ्यावर घेतला नाही. झालेलं तेवढं छापून बघू, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन मार्केटमधल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार मला ओळखतो. त्याची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे मी शिरले की तो खुर्चीवरून अर्धा उठतो. त्यानं पान छापून हातात दिलं.

“अरे, लाइनें आ गईं,” मी म्हटलं. “मेरी बेटी बोली थी, प्रिंट में नहीं आतीं.”

“कौन सी लाइनें, मैडम जी?”

“ये क्या, सारे पन्ने पर! जाली जैसी. तुम्हारी मशीन खराब है.”

त्यानं पान उजेडात धरलं, वळवलं, नाकाशी नेलं. दुसरं छापलं. तेही तसंच. माझा आवाज चढला. वर्गात चढायचा तसाच चढला असणार, कारण मागं उभी असलेली एक तरुण बाई मोबाइलमधून डोकं वर काढून पुढं आली. त्यानं पान तिच्यापुढं केलं. ती म्हणाली, “आंटी, पेज तो बिल्कुल क्लीन है.” असं म्हणताना ती पानाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी तिच्या हातून पान ओढून घेतलं आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी, तिला मशीनचा स्पर्शसुद्धा नाही. तिथंही जाळी होती. माझ्या हातावर होती. दुकानदाराच्या स्वेटरवर होती. मी पैसे देऊन बाहेर पडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालेलं. रेघा माझ्याजवळच होत्या आणि मी झेरॉक्सच्या मशीनशी भांडत होते.

आता आत्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कुणाला कळायची नाही.

माझ्या वडिलांची बहीण, लवकर विधवा झालेली, कृष्णाकाठच्या आमच्या गावात आमच्याजवळच राहायची. उतारवयात तिला बायका दिसायला लागल्या. भरदुपारी सोप्यात एकटी बसलेली असायची आणि एकदम म्हणायची, “वहिनी, पाव्हण्या आल्यात. पाट मांडा.” आई बाहेर येऊन बघायची तर कुणी नाही. आत्या हातात कुंकवाची कुयरी घेऊन हवेत बोट न्यायची, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, आणि तिथं कुंकू टेकवायची. ते खाली जमिनीवर सांडायचं. “बोलत नाहीत गं,” एवढीच तिची तक्रार. “इतक्या नटूनथटून येतात, पण बोलत नाहीत.”

गावानं म्हटलं, आसरांची बाधा. नदीकाठी सात आसरा राहतात, एखाद्या बाईला धरतात. उतारे झाले, देवऋषी झाला, निखाऱ्यावर मिरच्यांची धुरी झाली. तिच्या ओरडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी शिकलेल्यांनी वेड म्हटलं आणि न शिकलेल्यांनी बाधा म्हटलं, पण दोघांनी खोलीला कडी बाहेरूनच लावली. त्याच सुमारास माझं पहिलं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, पसंती झाली होती. मग त्यांच्याकडून निरोप आला, घराण्यात वेड आहे असं कळतं. एवढंच. मला तो मुलगा आता आठवतही नाही, पण तो निरोप शब्दाला शब्द आठवतो.

म्हणून मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा नवरा जाऊन काही वर्षं झालीत, घरात आम्ही मायलेकीच. मुलीला कळलं असतं तर तिनं लग्न पुढं ढकललं असतं, मी ओळखते तिला. आणि विहीणबाईंना कळलं असतं तर काय झालं असतं ते मला एकदा कळून चुकलंच होतं. लग्न फेब्रुवारीत होतं. तेवढे दिवस काढायचे आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं मी मनाशी पक्कं केलं.

लपवायला मी फार चांगली शिकले. बेसिनपाशी जायचं तर भिंतीला हात न लावता, पावलं मोजून जायचं. मुलीनं फोनवर साडीचा फोटो दाखवला की आधी “वा” म्हणायचं आणि मग रंग विचारून घ्यायचा. तिचा चेहराही मधूनच पुसट व्हायचा, तेव्हा तिच्या आवाजाकडे बघून हसायचं. आणि सकाळी ती निघून गेली की लॅपटॉप उघडून मंगलाष्टकं टाइप करायची. जाळीतूनच.

मग पाव्हण्या आल्या.

जानेवारीतली सकाळ होती. दहा वाजले तरी दिवे लावावे लागत होते. मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले तर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसलेली होती. आसपासची नव्हती, कुठलीच नव्हती. डोक्याला उंच काहीतरी बांधलेलं, अंगावर जाड काठांचं वस्त्र, काठावरची नक्षी इतकी स्पष्ट की मला मोजता आली असती. चष्मा लावून जे दिसत नव्हतं ते सगळं तिच्या अंगावर दिसत होतं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. तिच्यामागं, कठड्यापाशी, तशीच आणखी एक, अगदी लहान, गुडघ्याएवढी.

“कौन हो आप?” मी विचारलं. मग मराठीत विचारलं. काही नाही. बोलत नाहीत गं, हे आत्याचे शब्द माझ्या कानात तिच्याच आवाजात वाजले आणि हातातला मग खाली पडला. पाणी त्या बाईच्या पायांखालून वाहत गेलं. तिचे पाय ओले झाले नाहीत.

मी आत आले, दार लावलं आणि देवासमोर बसले. रामरक्षा म्हटली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. मला मरणाची भीती वाटत नव्हती. त्या बाहेरून लावलेल्या कडीची भीती वाटत होती. त्यानंतर त्या रोज आल्या. कधी सोफ्यावर, कधी फ्रिजपाशी, एकदा मुलीच्या पलंगावर, ती शेजारीच केस विंचरत असताना. मी कणीक मळत तिच्याशी बोलत राहिले.

उघडं पडलं ते मंगलाष्टकांमुळेच. छापायला द्यायच्या आधी एकदा बघते म्हणून एका रविवारी मुलीनं फाइल उघडली. मी शेजारी शेंगा सोलत होते.

“आई, हे काय केलंयस?”

“काय झालं? वृत्त चुकलंय?”

“वृत्त नाही. तू शब्द तोडलेयस. मध्येच स्पेस, स्पेस, स्पेस. माझं नाव तीन तुकड्यांत आहे. सगळ्या ओळी अशाच आहेत.” तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली, मग परत स्वतःकडे घेतली. “जैसे कोई डिब्बे बने हों और तू उनके अंदर टाइप कर रही हो. पण डबे कुठं आहेत?”

मी म्हणायला हवं होतं, चुकून बोट पडलं असेल. ते मी ठरवूनही ठेवलं होतं. पण तोंडातून खरं तेच निघालं.

“रेघेवर अक्षर पडत होतं. मग पुढच्या घरात ढकलायचे.”

“कुठल्या रेघेवर? ग्रिडलाइन्स तर ऑफ आहेत.”

“त्या नाहीत. ह्या.” मी हवेत हात फिरवला.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मात्र मला जाळीतूनही दिसली. मग मी सगळंच सांगितलं, शेंगा सोलत, खाली मान घालून. पाव्हण्यांचं सांगितलं. आत्याचं सांगितलं. ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, “लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. नंतर मला कुठं ठेवायचं ते ठेव.”

ती रडली नाही, चिडली. माझीच मुलगी. “ठेवायचं म्हणजे? सामान है क्या तू?” आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला वाटलं होतं डोक्याच्या डॉक्टरकडे नेईल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यांत थेंब टाकून बसवलं, मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली, कसले कसले फोटो काढले. मग त्यांनी माझ्याजवळ स्टूल ओढून घेतलं.

“माताजी, लाइनों के अलावा भी कुछ दिखता है?”

मी मुलीकडे बघितलं. तिनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, सांगू दिलंच नव्हतं मी.

“लोग दिखते हैं?” त्यांनी विचारलं. “सजे-धजे? और बोलते नहीं, है ना?”

इतक्या दिवसांत मी रडले नव्हते, ती तिथं रडले. त्या थांबल्या. मग सावकाश सांगितलं, की माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा बरोबर मधला भाग झिजत आलाय. मी त्याला चष्म्याचा नंबर समजत राहिले. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू ती रिकामी जागा आपल्या मनानं भरतो. कुणाला जाळ्या दिसतात, कुणाला माणसं. “दिमाग एकदम ठीक है आपका. बहुत लोगों को होता है. डर के मारे बताते नहीं.” झिजलेलं परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढं आणखी कमी दिसेल.

दिसणं जाणार, हे मी ऐकलं, पण तेव्हा मनात आत्याच होती. ती जेवताना ताटात हात फिरवून भाकरी शोधायची. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची. दिसत नव्हतं तिला. एवढंच झालं होतं. कुणी एक माणूस तिच्या डोळ्यांत बघायला गेला नाही, सगळे तिच्या मागं उभ्या असलेल्या आसरा शोधत होते. त्या मिरचीच्या धुरीनं उरलेसुरले डोळेही गेले असतील. मला इतका राग आला, इतका राग आला, की रस्त्यात मुलीनं हात धरला तर मी झटकला. ज्यांच्यावर राग काढावा त्यांतलं आता कुणीही जिवंत नाही.

त्या डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती मात्र शिकवली. मधलं गेलं असलं तरी कडेचं शाबूत असतं. जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघायचं नाही. थोडं बाजूला बघायचं, म्हणजे ते कडेतून दिसतं. मी घरी मुलीच्या चेहऱ्यावर सराव केला. तिच्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे, हवेत नजर लावली की तिचं नाक, डोळे, हसू, सगळं हळूच जागेवर यायचं. सरळ बघितलं की पुसलं जायचं.

तिकडच्यांना सांगायचं नाही, हा हट्ट मी सोडला नाही. मुलीनं मोडता घातला, तरी नाही. तिनं फाइलमधल्या माझ्या सगळ्या मोकळ्या जागा एकेक करून मिटवल्या. मंगलाष्टकं छान छापून आली म्हणतात. मला ती पाठच होती. अंतरपाट धरला गेला, मी म्हटली, आवाज कुठं फुटला नाही. अंतरपाट दूर झाला. अक्षतांचा पाऊस पडला, आणि मी मुलीच्या डाव्या कानापलीकडे, मांडवाच्या खांबाकडे एकटक बघत राहिले. ती दिसली मला. मुंडावळ्यांसकट, हळदीसकट, अगदी पूर्ण दिसली.

महिन्याभरानं पंचकुल्याला त्यांच्या घरी सगळे मोठ्या टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ बघत होते. मी आवाज ऐकत होते. अंतरपाट दूर झाल्याचा गलका झाला आणि विहीणबाई म्हणाल्या, “बहनजी, बुरा मत मानना. मैंने उस दिन भी देखा था. जयमाला हो गई, सब बेटी को देख रहे हैं, और आप खंभे को देखे जा रही हो. एक बार भी आपने उसकी तरफ नहीं देखा.”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, मला कळत होतं. हसून वेळ मारून नेता आली असती. थोड्या भोळसट आहेत मुलीच्या आई, एवढ्यावर निभावलं असतं.

“देखा था जी,” मी म्हटलं. “उसी को देख रही थी. सीधा देखूँ तो नहीं दिखती. किसी का चेहरा नहीं दिखता. आपका भी नहीं.” आणि मग आवाज स्थिर ठेवून उरलेलंही सांगितलं, रेघांचं आणि पाव्हण्यांचं. “पागल नहीं हूँ. आँख की बीमारी है. पर दिखते हैं.”

टीव्ही कुणीतरी बंद केला. मी माझा जुना निरोप परत ऐकायची तयारी करून बसले. विहीणबाई उठल्या, त्यांच्या बांगड्या माझ्या दिशेनं आल्या आणि समोर थांबल्या.

“तो मैं किधर बैठूँ, बहनजी,” त्यांनी विचारलं, “कि आपको दिखूँ?”

माझ्या उजव्या हाताला, नजरेच्या कडेला एक खुर्ची होती. तिच्यावर डोक्याला उंच काहीतरी बांधलेली एक बाई मघापासून बसलेली होती, हात मांडीवर ठेवून. मी त्या खुर्चीकडे बोट दाखवलं. विहीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि त्या बसल्या.